जप्तीतली घोडी अन् तिचं शिंगरू

— अन् हे शिंगरू कुठं लिहाल साहेब? नाही, हसू नका, मी खरंच इचारून राह्यली. तुमच्या कागदावर काय हाये — घोडी, पांढरी, एक. बरोबर? अन् कोर्टाचा हुकूम काय — जैसे थे, काही हलवाचं नाही, काही इकाचं नाही, काही बदलाचं नाही. आता मी तं काही बदललं नाही बाप्पा, घोडीनंच बदललं. तिले कोणी समजावून सांगतलं होतं का, का बाई, तुह्यावर जप्ती हाये, पोटातलं पोटातच ठेव? अन् हेही सांगा मले — घोडी माह्या पोरानं लोकायच्या पैशातून घेतली म्हणून ती गुन्ह्यातली, ते समजलं. पण शिंगराचा बाप कळंबच्या एका पाटलाचा घोडा हाये, इमानदार, त्याच्यावर कोणती केस नाही. मंग शिंगरू अर्धं जप्त कराल का? पुढचे पाय कोर्टाचे, मांगचे पाटलाचे — असं करा, मले चालते, चारा मात्र पुढच्या पायाचा कोर्टानं द्यावा.

बसा न, उभे काहून? खाटेवर बसा, खाट तुमच्या यादीत नाही, माह्या लग्नातली हाये, माहा पोरगा बादल जल्माच्या आंधीची, तिच्यावर गुन्हा लागत नाही. त्या खुर्चीवर नका बसू, ती जप्तीत हाये, मोडली तं मलेच जाब इचाराल — सुपुर्तदार केलं न मले तुमच्या लोकायनं. अंगठा घेतला अन् म्हणे, रुपीबाई, आता हे घर, ही घोडी, ही जीप तुमच्या सांभाळी, कोर्ट मागन तेव्हा जशीच्या तशी द्याची. म्हणजे पाहा, घर माहं, राहाची मी, झाडाची मी, अन् राखणदारीन कोर्टाची. पगार नाही. — अक्षय म्हणालात न नाव? अन् गाव कळंब? हां, म्हणून पाटलाच्या घोड्याचं नाव काढल्यावर तुमी तोंड फिरवलं, ओळखीचा असन घोडा. चिंतामणीच्या गावचा पोरगा अन् लोकायच्या दारात चिंता घेऊन फिरते. चाय घ्या. दूध तांड्यातल्या जमनीच्या घरचं हाये, कागदावर नाही, घ्या.

तुमच्या आंधीचे साहेब लय कडक होते. म्या त्यायले दिवाळीच्या तोंडावर इचारलं, साहेब, घराले रंग देऊ का, पोपडे निघून राह्यले. त्यायनं हुकूम काढला, उलटा केला, सुलटा केला अन् म्हणे, फेरफार करता येत नाही. म्या म्हटलं, बरं, अंगणात शेण सारवू का? तं त्यायले घाम फुटला. सारवणं म्हणजे फेरफार होते का नाही होत, हे त्यायले बी माहीत नव्हतं. शेवटी फोन केला कोणाले तरी, तिकडून काय बोलले मले ऐकू नाही आलं, पण साहेबाचे कान लाल झाले. तेव्हापासून सारवतो मी बिनधास्त. पण रंग नाही देल्ला. तांड्यातल्या बायका म्हणे, ही पाहा कोर्टाची सून, सासऱ्याले इचारल्याशिवाय भिंतीले हात लावत नाही.

हसा, हसा. हसले तं बरे दिसता. मले एक सांगा, हे जैसे थे आमच्या लोकायले कसं जमन? आमचे आजे-पणजे बैलाच्या पाठीवर मीठ लादून, धान्य लादून मुलूख फिरत. लदेणी म्हणत त्याले. आज या नदीवर, उद्या त्या घाटात. त्या वक्ताले कोण्या कोर्टानं जैसे थे म्हटलं असतं तं दुसऱ्या सकाळी कागद चिपकवाले तांडाच नसता सापडला — चुलीची राख सापडली असती, तीच जप्त करा. आता आमी एका जागी बसलो, वावरं घेतली, सिमिटाची घरं बांधली, लेकरं ढाणकीच्या शाळेत घातली. बसलो म्हणून तं सापडलो.

बादलनं काय केलं ते तुमाले माह्यापेक्षा जास्त माहीत. तुमच्या फायलीत हाये सारं. पण फायलीत बकऱ्या हायेत का? नसन. मी सांगतो. त्याची स्कीम काय होती — तुमी पैसे भरा, आमी तुमच्या नावानं बकऱ्या पाळतो, दोन साल झाले का दामदुप्पट. आता माणूस म्हणते, मले माह्या बकऱ्या दाखवा. तं हा दाखवे. या इथं, मांगच्या वाड्यात, एक लहानसा कळप होता. महागावचा माणूस आला का त्याले म्हणे, ह्या तुमच्या. तो खुश. दुपारी पुसदचा आला का त्यालेही त्याच, ह्या तुमच्या. एक कानफाटी बकरी होती, लय गरीब, माणूस आला का आपणच जवळ येऊन उभी राहे — अर्धा तालुका तिचा मालक होता साहेब. मी चारा टाकत होती त्यायले. मले वाटे, पोरगा किती लोकायले आपल्या बकऱ्या कौतुकानं दाखवते. आता तुमी म्हणाल, रुपीबाई, इतकी येडी होती का तू? इतकी येडी नव्हती. पण आपलं लेकरू जीप घेऊन दारात येते, शर्टाले इस्त्री, सारा तांडा त्याले रामराम घालते — अशा वक्ताले कोणती माय हिशेब मांडते?

अन् तांड्याची तं वेगळीच गोष्ट. भायेरच्या लोकायनं कागद मागतले, सह्या घेतल्या, त्यायच्याच तक्रारीवर तुमची केस उभी हाये न? आमच्या तांड्यातल्या एकानंही कागद मागतला नाही. पूनमसिंगच्या पोराले कागद मागाचा? पूनमसिंग माहा मालक, त्यायचा तेवढा मान होता, भांडण झालं का तांड्याच्या नायकाच्या आंधी लोक त्यायच्याकडे येत. ते गेले, अन् त्यायच्या नावावर यानं उधळण केली. आता कोर्टात ज्यायच्याजवळ कागद हाये त्यायचेच पैसे मोजल्या जाईन म्हणते, घर इकून त्यायलेच भेटन. आमचे लोक रिकाम्या हातानं तसेच. जमनीनं आपल्या हातातलं चांदीचं सारं देल्लं होतं बादलले, पोरीच्या लग्नासाठी दुप्पट होईन म्हणून. कागद नाही. आजही दूध आणून देते सकाळी. शिव्या देल्ल्या असत्या तं मले बरं वाटलं असतं, खरं सांगतो.

जाऊ द्या. चाय थंडी होऊन राह्यली.

आता तुमी हे घोडीचे फोटो काढता, जीपीचे फोटो काढता, खिडक्या मोजता, पण मले का समजत नाही? तुमाले घोडी नाही पाह्यजे, तुमाले बादल पाह्यजे. येताबरोबर पायताणं पाह्यली तुमी दारातली, मोठ्या मापाची हाये का. दोरीवरचे कपडे पाह्यले. पाहा न, सुनेचं, पुष्पाचं लुगडं हाये, माहा फेटिया घागरा हाये, नातीचा शाळेचा डरेस हाये. बास. तो फरार हाये, होळीच्या आंधी गेला तो गेला. फोन नाही, चिठी नाही. पुढच्या तारखेपावतर तो हाजर नाही झाला तं घर लिलावात जाईन अन् तो सापडला तं तुरुंगात जाईन, हे मांगच्या साहेबानं मले तीनदा समजावून सांगतलं, जशी काही मी बहिरी हाये. घराचं मले काही वाटत नाही. न्या घर. पालात राह्यलेले लोक आमी, परत राहू. पण पोरगा तुरुंगात जाईन म्हटलं का मी रातभर अंगणात बसून राहतो. एकुलता हाये. म्हणून देवाची आण घेऊन सांगतो साहेब, मले काही माहीत नाही अन् माहीत असतं तरी म्या सांगतलं नसतं. हे लिहा पाह्यजे तं, अंगठा देतो.

काय लिहिलं? खरंच लिहिलं का? बाप्पा, लय साधे हायेत तुमी. लग्न झालं का नाही? नाही? तेच म्हटलं. बायको असती तं समजलं असतं, बाईमाणूस बोलते ते सारंच लिहून घ्याचं नसते. पाहा, लग्न जमलं का मले सांगा, वरातीले हीच घोडी लावू. शिंगरू मांगून मांगून चालन, फुकटात दोन जनावरं. फक्त आंधी यवतमाळच्या कोर्टातून परवानगी काढा — का नवरदेव पोलिसाचा हाये अन् घोडी गुन्ह्यातली हाये, तरी दोघायले एकमेकावर बसू द्यावं. वाजंत्रीवाले तांड्यातून नेऊ, जेवाले मी येतो.

काय म्हणता? हो, दिवाळी केली न. रंग नाही देल्ला म्हणून दिवाळी नाही होत का? तुमच्याकडे फटाके अन् चिवडा, झाली दिवाळी. आमची वेगळी हाये. तुमाले माहीत नाही का? कळंबले तांडे नाही का आजूबाजूले? मंग कधी पाह्यलं नाही काहून — हां, तुमी तांड्यात फक्त जप्तीलेच येता. ऐका. दिवाळीच्या अवसेले काळी मावस म्हणतो आमी. त्या सांजेले तांड्यातल्या कुवाऱ्या पोरी नटून-थटून हातात दिवा घेते अन् घरोघरी फिरते. अन् ज्याच्या त्याच्यासमोर दिवा धरून म्हणते — याडी, तोन मेरा. याडी म्हणजे माय, तोन म्हणजे तुले. मेरा म्हणजे... आता कसं सांगू, म्हणजे तुले चांगलं होवो, तू सुखी राहा, पुढच्या सालीही असाच भेट. मंग तो माणूस पोरीच्या दिव्याजवळ काही टाकते, तिच्या डोक्यावर हात ठेवते. पोरी एकही घर सोडत नाही. भांडण असो, कज्जा असो, त्या दिवशी दार बंद नाही ठेवाचं. माह्या नातीनं, अंजूनं, यंदा पह्यल्यांदा दिवा धरला. बादलची एकुलती, तिसरीत हाये. मले धाकधूक होती, का लोक हिले दारात घेते का नाही, बापाच्या करणीनं. साहेब, एकानंही दार नाही लावलं. जमनीनं तं तिले उचलून कडेवर घेतलं, दिवा कलंडला, तेल सांडलं लुगड्यावर, तरी खाली नाही ठेवलं. म्या भिंतीआड उभी राहून रडून घेतलं.

नाही नाही, मालकाच्या फोटोसमोर नाही करत. मेलेल्या माणसाचं वेगळं असते, त्यायच्या नावानं दुसऱ्या दिवशी निखाऱ्यावर तूप-गूळ टाकतो. मेरा जित्या माणसाचा. अन् जो गावाले गेला, दूर हाये, त्याच्या नावानंही नाही करता येत. समोरच पाह्यजे. दिव्याच्या उजेडात तोंड दिसलं पाह्यजे, तेव्हाच मेरा. अन् आंधी घरचे, मंग तांडा. अंजूनं बरोबर केलं, म्या शिकवलं होतं तसं — पह्यले मले, मंग तिच्या मायले, मंग दिवा असा वर धरून, बापू, तोन मे—

चाय संपली का तुमची? आणू आणखीन?

काहून असे पाहून राह्यले? शिंगरू उड्या मारून राह्यलं पाहा तिकडं, दावं तोडन. मी काय म्हणत होती — हो, तांड्यात साऱ्याच म्हाताऱ्या माणसाले बापू म्हणते पोरी. नायकाले म्हणते. कोणालेही म्हणते... आंधी घरचे, हे म्हटलं मी. हो. म्हटलं मी. पेन ठेवून देल्ला तुमी खिशात. आता लिहाचं होतं तं लिहत नाही, अन् मघा माह्या थट्टा लिहून घेतल्या. साधा पोरगा म्हणून मी तुमाले धरलं अन् तुमी तं माह्याकडून सारी दिवाळी काढून घेतली. बरं झालं मी शिकवाले बसली. कोण्या शहाण्यानं सांगतलं होतं मले पोलिसाले तांड्याची रीत शिकवाले?

आलता. हो. आलता तो. दिवेलागणीले आला, जेवला, अन् गेला. पोरीचा पह्यला दिवा होता साहेब, तो चुकवते का बाप? मी वळखलं नाही त्याले पह्यले. दाढी वाढलेली, पायात रबरी चपला, अन् हात — त्याच्या हाताले घट्टे पडले होते. मले बरं वाटलं. खोटं कायले बोलू, ते घट्टे पाहून मले बरं वाटलं. ती जीप आली तेव्हा नव्हतं वाटलं इतकं. म्या म्हटलं, आंधी जमनीच्या पाया पड अन् मंग सरळ ठाण्यात जा. तो म्हणे, याडी, जातो, थोडं थांब, हाजर होतो, पण जमनीच्या दारात नको पाठवू. रडला. चाळीसीचा माणूस, हमसून हमसून. पोरगी दिवा धरून उभी, तिले समजेना बापूले मेरा म्हटलं तं बापू रडते काहून. मी त्याले धरून ठेवलं असतं, हाक मारली असती तं सारा तांडा जमा झाला असता. नाही मारली. तुमी मारली असती का? तुमची माय मारन का? इचारा घरी जाऊन.

कुठं हाये ते नाही माहीत मले. जेवला अन् गेला म्हटलं न. माहीत असतं तरी — मघा सांगतलं मी, लिहून घेतलं तुमी. माहा अंगठा घ्या, मले न्या पाह्यजे तं, म्हातारीले जीपीत बसवून न्या, तुमच्याच जप्तीतली जीप हाये, तेल टाका अन् न्या. मी नाही सांगत. माह्यासाठी दोन पोळ्या जास्त लागन तुमाले तुरुंगात, बाकी काही नाही.

शाळा? कायले इचारता शाळा कधी सुटते? सुटते तेव्हा सुटते. येते ती पोरीसंग, पायी. तुमाले काय करा लागते तिच्या शाळेचं?

नाही साहेब.

नाही. तिले नाही इचाराचं. हात जोडतो. थट्टा बंद, पाहा, मी हात जोडून राह्यली. ती लहान हाये, तिले खोटं बोलता येत नाही, तिच्या मायनं शिकवलं नाही अन् मीही नाही शिकवलं. तुमी तिले गोड बोलून इचाराल, तुमी गोडच बोलता, अन् ती सांगून देईन. तिले माहीत हाये. बापानं मांडीवर घेऊन सांगतलं तिले, तिथं गाई हायेत म्हणे, एक वासरू हाये, सुट्टीत तुले नेतो. ती रोज बोलते त्या वासराचं. अन् मंग तुमी जाल अन् त्याले आणाल, अन् ते तिच्या माथ्यावर राहीन, जल्मभर. तांडा तोंडावर काही म्हणणार नाही, पण ती मोठी होईन, एक दिवस तिलेच समजन का माह्या बापूले म्या धरून देल्लं. हे नाही होऊ देणार मी. तुमी वरून हुकूम घेऊन आले, तुमचंही पोट हाये, समजते मले. पण पोरीच्या तोंडून नाही.

मी सांगतो.

काढा पेन. मुकुटबनच्या पुढं, डांबरी सोडली का उजव्या हाताचं वावर, इहिरीवर मोठी चिंच हाये. तिथं सालदार म्हणून राह्यला तो. नाव शाम सांगते तिथं, बादल म्हटलं तं कोणी वळखणार नाही. निजते गोठ्यात. वावराच्या मालकाले काही माहीत नाही, त्याले त्रास देऊ नका, भला माणूस हाये म्हणे. अन् घेरा-बिरा घालू नका, बंदुका दाखवू नका. बांधावर उभे राहा अन् हाक मारा — याडीनं पाठवलं म्हणा. रुपीबाईनं स्वतः पत्ता देल्ला म्हणा. तो पळणार नाही. म्हणा का दुसऱ्या कोणी नाही सांगतलं, मीच सांगतलं, हे नीट म्हणा, पोरीचं नाव नका घेऊ. लिहिलं? दाखवा. मले वाचता येत नाही, पण दाखवा.

झालं मंग. उठा आता. कप राहू द्या तिथंच, मी उचलतो. गाडी त्या नाल्याच्या वाटेनं काढा. शाळेच्या वाटेनं जाऊ नका साहेब, पोरी सुटल्या असन आता. जा.